सांबार फुकटात येत नाही

स्वयंपाक करता करता, भाजी निवडता निवडता ऐकत असाल तर काम चालू ठेवा, आम्हीही असंच काम करता करता बोलणाऱ्या बाया आहोत.

आज आम्ही बोलणार आहोत सांबारावर. पुण्यामुंबईकडे याला कोथिंबीर म्हणतात, हिंदी बोलणारे धनियापत्ता म्हणतात. बाहेरगावच्या पाहुण्यासमोर सांबार म्हटलं की त्याला इडलीबरोबरची आमटी आठवते, आणि ताडोबाला आलेल्या माणसाला शिंगवालं सांबर आठवतं. आपल्याकडे मात्र सांबार म्हणजे वाडीतली हिरवीगार जुडी. थंडीत सांबारवडी करायची, वरणावर पेरायचा, मिरचीसोबत वाटायचा. सांबाराशिवाय आपला एक दिवस जात नाही.

पण बाजारात याची किंमत काय? वांगी मोजून घेतली, टमाटे मोजून घेतले, पैसे दिले, आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवून गिऱ्हाईक म्हणतं, "मावशी, वरून थोडा सांबार टाका ना." दोन मिरच्या आणि चार काड्या सांबार हे वरूनच मिळायचं, असा जणू रिवाजच आहे. ज्याच्याकडे वांगी-टमाट्याचं दुकान आहे त्याला हे परवडतं, त्याचा नफा वांग्यात निघतो. पण जी बाई फक्त सांबार, पुदिना आणि गोडनिंबाची टोपली घेऊन बसली आहे, तिने वरून काय टाकायचं? तिच्याकडे जे आहे तेच लोकांना फुकटचं वाटतं.

म्हणून आजच्या बोलण्याचं सार आधीच सांगतो. सांबार फुकटात येत नाही. त्यात एका बाईचे चाळीस दिवस असतात. ते दिवस मोजायला आधी आपण शिकलो, तरच गिऱ्हाईक मोजेल. आणि एकटीने मोजून भागत नाही, गटाने मोजावं लागतं.

आधी हिशेब करू. वही-पेन जवळ असेल तर घ्या, नसेल तर बोटांवर करा. यातले भाव आम्ही धरून चाललो आहोत, तुम्ही तुमच्या बाजाराचे टाका.

समजा, दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक वाफा आहे. मूठभर धने पुरतात. नीट उगवला तर साधारण चार किलो सांबार निघतो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या ४० जुड्या. हंगामात जुडी ५ रुपयांना गेली, तर २०० रुपये झाले. आता मेहनत पाहा. रोज पाणी घालायचं, निंदायचं, कोंबड्या हाकलायच्या, याला रोजचा अर्धा तास धरा. चाळीस दिवसांचे झाले २० तास. म्हणजे तासाला १० रुपये. रोजगार हमीची मजुरी आपल्या राज्यात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ रुपये. म्हणजे एका वाफ्याची बाई मजुरीच्या पावपटीवर राबते, आणि गाडीभाडं तर अजून काढलेलंच नाही.

ऐकून हिरमुसू नका, हिशेब पुढे आहे. वाफा एक असो की तीन, बादली आणायला विहिरीवर जायचंच असतं. शेजारी शेजारी तीन वाफे केले तर अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास लागतो. चाळीस दिवसांचे ३० तास, जुड्या १२०, पैसे ६००. तासाला २० रुपये झाले. आणि याच १२० जुड्या बाजारात सांबार कमी असताना आणल्या, १० रुपयांनी गेल्या, तर १२०० रुपये. तासाला ४० रुपये, म्हणजे रोजगार हमीच्या बरोबरीला आलो. जमीन तीच, धने तेच, हात तेच. बदललं काय? एकत्र वाफे केले, आणि वेळ साधली.

ही वेळ साधायची कशी, यावर आता बोलू.

आपल्याकडे सगळ्यांचा सांबार एकदम येतो, कारण सगळ्या एकदम पेरतो. धान कापून झाला, चुरून झाला, हात मोकळे झाले की घरोघरी वाडीत धने पडतात. मग डिसेंबर-जानेवारीत मूल म्हणा, सिंदेवाही म्हणा, आरमोरी म्हणा, चामोर्शी म्हणा, कुठल्याही बाजारात जावं तिथे टोपलीला टोपली लागून सांबारच सांबार. संध्याकाळ झाली, परत न्यायचा जीव नाही, म्हणून दोन रुपयाला जुडी, मग एका रुपयाला, आणि शेवटी गाईपुढे. भाव व्यापाऱ्याने पाडला असं आपण म्हणतो. पण शेजारणीची टोपली आणि आपली टोपली एकाच दिवशी आली तर पाडायला व्यापारी लागत नाही.

यावर उपाय पाळीचा. पेरल्यापासून साधारण सहा आठवड्यांत सांबार कापणीला येतो. म्हणून सहा जणी एकत्र या. पहिल्या आठवड्यात पहिलीने आपले तीन वाफे पेरायचे, दुसऱ्या आठवड्यात दुसरीने, असं सहाव्या आठवड्यापर्यंत. सहावीचे धने पडतात तोवर पहिलीचा सांबार तयार होत येतो. ती कापून पुन्हा पेरते. असं चक्र चाललं की दर आठवड्याला बाजारात गटाचा सांबार असतो, थोडा पण नेहमीचा. गिऱ्हाईक नेहमीच्या बाईकडे परत येतं. खानावळवाला, चहा-भजीवाला, डबे करणारी बाई, यांना कधीतरी स्वस्त मिळण्यापेक्षा रोज नक्की मिळणं जास्त हवं असतं.

रोवण्याच्या दिवसांत, कापणीच्या दिवसांत पाळी मोडते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या दिवसांत ज्यांच्या घरी शेती कमी आहे त्या बहिणींना पाळी द्यावी. त्यांना तेव्हा बाजारही चांगला मिळतो.

आता उन्हाळ्याचं पाहू. भाव खरा तेव्हाच असतो, आणि सांबार तेव्हाच रुसतो. चंद्रपूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात धने नीट उगवत नाहीत, आणि उगवले तरी पानं येण्याआधी फुलावर येतात. म्हणून उन्हाळी वाफा सावलीत करायचा. दोडक्याचा, वालाचा मांडव असेल तर त्याच्या खाली करा. नसेल तर बांबू रोवून वर पळसाच्या फांद्या टाका. सकाळचं ऊन मिळावं आणि दुपारचं अडावं, अशी घराची पूर्वेची बाजू चांगली. पाणी सकाळ-संध्याकाळ, पण थोडं थोडं. उन्हाळ्यात बोडी आटते, विहीर खोल जाते. पिण्याच्या पाण्याची ओढ असेल त्या गावात उन्हाळी सांबार करू नका. घराचं पाणी आधी.

पेरायचे धने किराणा दुकानातले चालतात, पण जुने, किडलेले किंवा भाजलेले नकोत. एका धन्यात दोन बिया असतात. म्हणून पेरण्याआधी फळीखाली हलके रगडा, दोन फाका झाल्या पाहिजेत, पीठ नाही. मग रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. पावसाळ्यात वाफा वीतभर उंच करा, नाहीतर मूळ सडतं. शेणखत चांगलं कुजलेलं टाका. भोवती तुराट्यांचं किंवा बांबूच्या काड्यांचं कुंपण हवंच, कारण आपल्या घरच्या कोंबडीइतका सांबाराचा दुसरा वैरी नाही.

एक गोष्ट ठासून सांगतो. सांबार, पुदिना लोक कच्चा खातात. नालीचं पाणी वाफ्याला देऊ नका आणि बाजाराच्या नाल्यात जुडी धुऊ नका. मावा पडला तर आधी पाण्याचा फवारा, मग निंबोळीचा अर्क. कापसावर मारायचं औषध भाजीच्या वाफ्यावर कधीही नाही. जे आपल्या लेकराच्या ताटात घालणार नाही ते टोपलीत ठेवायचं नाही.

टोपलीत नुसता सांबार नको. सोबत आणखी चार गोष्टी हव्यात. पुदिना एकदा लावला की काडीपासून काडी पसरतो. न्हाणीचं पाणी जिथे ओलावा धरतं तिथे तो खुशीत वाढतो, पण साबणाचं पाणी थेट नको. गवती चहाचा एक ठोंब लावला की तीन-चार महिन्यांनी पहिली कापणी येते, आणि मग वर्षभर अधूनमधून कापता येतो. पावसाळ्यात, थंडीत त्याला मागणी. गोडनिंबाचं झाड हळू वाढतं, पण मोठं झालं की काहीच मागत नाही. मुनग्याचा कोवळा पाला, अंबाडी, मेथी, शेपू, हेही आहेतच.

गिऱ्हाईक कोण आहे ते पाहून टोपली भरा. सिरोंचा, अहेरीकडच्या तेलुगू घरांत अंबाडीला गोंगुरा म्हणतात आणि तिची चटणी करतात, तिथे अंबाडी आणि गोडनिंब जास्त न्या. मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली वस्त्या आहेत, त्या लोकांचा भाजी पिकवण्यात हात धरणारं कोणी नाही. तिथे विकायला जाण्याआधी त्यांच्याकडून शिकायला जा. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूरच्या कामगार वसाहतींत बाहेरराज्यातली पुष्कळ कुटुंबं आहेत, तिथे पुदिना खपतो. ताडोबाच्या आजूबाजूची हॉटेलं गवती चहा आणि पुदिना घेतात. पण पावसाळ्यात तीन महिने ताडोबाचं गाभा क्षेत्र बंद असतं, तेव्हा तिथली मागणी उतरते. त्या महिन्यांचं गणित आधीच दुसऱ्या बाजारावर बसवा.

आता विक्रीचं. सांबाराचा सगळ्यात मोठा दुश्मन दुपार आहे. सकाळी हिरवा असलेला सांबार दोन वाजता मान टाकतो, आणि मान टाकलेल्या जुडीचा भाव गिऱ्हाईक ठरवतं. म्हणून काढणी आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा पहाटे करा. मुळासकट उपटा. माती झटका, मुळं धुवा, पानं ओली करू नका. पानावर पाणी राहिलं की गाडीत उबतं आणि काळं पडतं. मुळांना ओलं फडकं गुंडाळा, बांबूच्या डालीत उभ्या जुड्या रचा, वरून ओलं गोणपाट. प्लास्टिकची पिशवी गच्च बांधली तर सांबार गुदमरतो.

ज्या गटाचा माल रोज निघतो त्यांच्यासाठी विटांचा शीतकक्ष आहे. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने तो तयार केला आहे. त्याला वीज लागत नाही. सावलीत विटांच्या दोन भिंती एकात एक उभारायच्या, मध्ये सात-आठ सेंटिमीटर फट ठेवायची, फटीत वाळू भरायची. सकाळ-संध्याकाळ वाळूवर आणि विटांवर पाणी शिंपडायचं, वरून गवताचं ओलं झाकण. माठातलं पाणी जसं थंड होतं तसाच आतला माल थंड राहतो. भर उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्या मानाने दहा-पंधरा अंशांनी खाली राहू शकतं.

जुडी सगळ्यांची सारखी हवी. एकीची जाड, एकीची बारीक असली की गिऱ्हाईक जाड उचलतं आणि गटात रुसवा शिरतो. याला सोपं माप आहे. गटाची एक बांगडी ठेवा. जुडीचा गळा त्या बांगडीत बसला पाहिजे, सैलही नको आणि कोंबूनही नको. बांगडीच्या मापाची जुडी कोणी बांधली हे बाजारात ओळखू येता कामा नये.

बाजाराला सगळ्यांनी जायचं नाही. समजा जाण्यायेण्याला आणि चहापाण्याला ६० रुपये लागतात. सहा जणी गेल्या तर ३६० रुपये आणि सहा जणींचा दिवस गेला. एक गेली तर ६० रुपये आणि एक दिवस. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. ओझं जास्त असेल तर त्याचं वेगळं तिकीट पडू शकतं, ते आधी वाहकाला विचारून घ्या.

जी जाईल तिच्याबद्दल तीन नियम गटात आधीच ठरवा आणि वहीत लिहा. पहिला, विक्रीच्या पैशातून गाडीभाडं आणि तिच्या दिवसाची मजुरी आधी काढायची. बाजारात बसणं हेही काम आहे, उपकार नाही. दुसरा, कोणाच्या किती जुड्या नेल्या, किती विकल्या, काय भावाने, किती उरल्या, हे त्याच संध्याकाळी लिहायचं. तिसरा, उरलेल्या मालाचा तोटा नेलेल्या जुड्यांच्या प्रमाणात सगळ्यांनी सोसायचा, जाणारीच्या एकटीच्या माथी मारायचा नाही. हे आधी ठरलं नाही तर चौथ्या बाजाराला भांडण नक्की.

आणि वरून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय? भांडायचं नाही, तोंडही पाडायचं नाही. त्याच्यासाठी लहान जुडी बांधून ठेवा, दोन रुपयांची. "वरून नाही हो ताई, दोन रुपयांची छोटी जुडी आहे, ती न्या." चार काड्यांनाही भाव आहे हे असं हसत सांगता येतं. पण हे गटातल्या सगळ्यांनी सांगितलं पाहिजे. एकीने फुकट टाकलं की दुसरीचा भाव गेला.

कागदाचं थोडक्यात. आपल्या वाडीतला ताजा सांबार विकायला अन्न परवाना लागत नाही. तोच पुदिना वाळवून, भुकटी करून, पुड्यात भरून विकणार असाल तर मात्र अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. जुलै २०१६ पासून आपल्या राज्यात भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेरही विकता येतो, अडत्याकडूनच विकला पाहिजे असं नाही. आठवडी बाजारात बसण्याची फी घेतली तर पावती मागा. शहरात रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगरपालिकेकडे नोंद करून घ्या, म्हणजे उठवायला आलेल्या माणसाशी बोलताना हातात काहीतरी असतं. वजनावर विकत असाल तर काटा शिक्क्याचा हवा. जुडीवर विकत असाल तर काट्याची गरजच नाही. आणि गवती चहाने अमका आजार बरा होतो, मुनग्याने तमका जातो, असं सांगून विकू नका. आपण भाजी विकतो, औषध नाही.

मैत्रिणींनो, पैशाखेरीज या वाडीची आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्याच दोन जिल्ह्यांत कळते. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गुरामागे, सरपणाला, मोहाला, भाजीला गेलेलं माणूस परत आलं नाही, अशा बातम्या आपण दरवर्षी ऐकतो. जंगलावाचून आपलं भागत नाही. तरोटा, काटवल, कुड्याची फुलं, वास्ते, हे सगळं तिथूनच येतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाने तो हक्क गावाने मिळून कसा वापरायचा ते देशाला दाखवलं. तो हक्क सोडायचा नाही. पण वीस-तीस रुपयांच्या निकडीसाठी पहाटे एकटीने जंगलात शिरावं लागू नये, एवढं तरी आपल्या हातात असावं. घरामागच्या वाडीतून दर आठवड्याला नक्की येणारे थोडे पैसे असले, तर आज जंगलात जायचं की नाही, सोबत मिळेपर्यंत थांबायचं की नाही, हे ठरवायला बाई मोकळी होते. या टोपलीची खरी किंमत आम्हाला इथे दिसते.

आणि हे पैसे कोणाच्या हातात येतात तेही पाहा. धानाचे पैसे वर्षातून एकदा येतात, घराच्या नावाने येतात आणि उधारीत जातात. सांबाराचे पैसे थोडे असतात, पण दर बाजाराला येतात आणि बाईच्या हातात येतात. गटाचा हप्ता, लेकीची वही, दवाखान्याचं तिकीट यातून निघतं. म्हणून तो पैसा बारीक आहे असं कोणी म्हटलं तर म्हणू द्या.

एक मात्र विसरू नका. उमेद अभियानातून आपल्या पुष्कळ गावांत पोषण परसबागा झाल्या, त्या आधी घरच्या ताटासाठी. टोपली भरण्याच्या नादात घरातला सांबार, मेथी, मुनगा कमी झाला तर ती विक्री तोट्याची. आधी आपलं आणि लेकरांचं ताट, मग बाजार. आपलं ताट आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण बाई स्वतःला विसरते.

तर पुढच्या गटाच्या सभेत तीन कामं करा. पाळी घेणाऱ्या सहा जणींची नावं लिहा. कोणाचा वाफा कोणत्या आठवड्यात, ते समोर लिहा. आणि वर सांगितलेला हिशेब तुमच्या बाजाराचे भाव घालून मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. हिशेब कमी निघाला तरी वाचा. कमी निघाला हे कळल्याशिवाय तो वाढवता येत नाही.

सांबार टवटवीत राहो, भाव बरा मिळो. पुन्हा भेटू. नमस्कार.